दारूचं दुकान आणि सहकारी बँक: बंद ठेवलेले परवाने पुन्हा खुले करावेत का?

कृष्णाकाठ

दारू आणि बँक एकाच धाग्यात कशाला, असं विचारणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. दोन बातम्या आहेत आणि दोन्हींत प्रश्न एकच आहे.

पहिली बातमी. आपण ज्याला वाईन शॉप म्हणतो त्या दुकानाचे, म्हणजे एफएल-२ चे नवे परवाने महाराष्ट्रात सत्तरच्या दशकापासून बंद आहेत. सतराशेच्या आसपास दुकानं आहेत, तीच इकडून तिकडे हलवली जातात. जून २०२५ मध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. त्यातून १४ हजार कोटी जादा येतील असा अंदाज मांडला. त्याच सुमाराला ३२८ नव्या परवान्यांचा प्रस्ताव चर्चेत आला आणि गदारोळ झाला. मग अजित पवारांनी विधानसभेत सांगितलं की विधिमंडळाला विश्वासात घेतल्याशिवाय एकही नवा परवाना देणार नाही.

दुसरी बातमी. नवी नागरी सहकारी बँक काढायला रिझर्व्ह बँक २००४ पासून परवानगी देत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या पतधोरणात तिने जाहीर केलं की परवाने पुन्हा सुरू करावेत का यावर चर्चापत्र काढू.

माझं मत सरळ आहे. दोन्हीकडे दार उघडा.

बंद परवान्याचा फायदा कोणाला होतो ते बघा. १९७१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी होती, २०११ ला सव्वाअकरा कोटी झाली. दुकानं तेवढीच राहिली. म्हणजे परवाना ही वडिलोपार्जित इस्टेट झाली, बागायती जमिनीपेक्षा भारी. आज तो हस्तांतरित करायचा तर व्यवहार कोटींत होतो. त्यातले सरकारला किती आणि टेबलाखालून किती, हे ज्याचं त्याला माहीत. लोक पितात तेवढेच. वाईन शॉप वाढलं नाही म्हणून बिअर शॉपी वाढल्या, परमिट रूम वाढले, हायवेच्या ढाब्यांवर स्टीलच्या ग्लासातून विक्री सुरू झाली. ज्याला यातलं काहीच परवडत नाही तो हातभट्टीकडे जातो. मुंबईतल्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली ती परवाना असलेल्या दुकानातली दारू पिऊन नव्हे.

बँकांचं पण तेच. २००४ ला देशात १,९०० च्या वर नागरी बँका होत्या, आता १,५०० च्या आत आल्या, आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश आपल्या राज्यात. नवी बँक येऊ दिली नाही म्हणून जुन्या सुरक्षित झाल्या का? रुपी, सीकेपी, पीएमसी, न्यू इंडिया, अडचणीत आलेल्या सहकारी बँकांची ही सगळी प्रकरणं दार बंद असतानाच्या काळातली आहेत. आणि बँक काढता येत नाही म्हणून लोकांनी काय काढलं? मल्टिस्टेट पतसंस्था! त्यांच्यावर ना रिझर्व्ह बँकेची देखरेख, ना ठेवींना विमा. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांना कुलपं लागली तेव्हा विमा महामंडळाकडून एक रुपया यायची सोय नव्हती.

दार बंद ठेवणं सोपं असतं, त्याला पगारी माणूस लागत नाही. आत काय चाललंय ते बघायला माणूस लागतो. आपण सोपं ते केलं आणि अवघड ते सोडून दिलं. मोकळेपणाने परवाने द्या, आणि त्या फीमधून तपासनीस नेमा. या, तुटून पडा.

अर्धा ग्लास

सहमत. आमच्या भागात एकच दुकान आहे. शनिवारी संध्याकाळी तिथली रांग बघून नवीन माणसाला वाटतं रेशनवर साखर आली. मालक सुट्टे देत नाही, बिल मागितलं की वेड्यासारखा बघतो, आणि फ्रीज बंद असला तरी "थंड" म्हणून दहा रुपये वर घेतो. शेजारी दुसरं दुकान आलं तर सुतासारखा सरळ येईल.

जुना शिरस्तेदार

कृष्णाकाठराव, मी नोकरीची बरीच वर्षं सहकारी बँकांची दप्तरं तपासण्यात घालवली. दारूचं मला कळत नाही, त्यावर बोलत नाही. बँकांचे परवाने खुले केले की काय होतं हे मात्र आपण एकदा करून पाहिलेलं आहे. तुमच्या लेखात ती आठ वर्षं कुठेच नाहीत.

१९९२ ला मराठे समितीचा अहवाल आला, परवान्याचे निकष सैल झाले. मे १९९३ ते जून २००१ या काळात रिझर्व्ह बँकेने ८२३ नागरी बँकांना परवाने दिले. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश थोड्याच वर्षांत आजारी पडल्या. हा रिझर्व्ह बँकेचाच हिशेब आहे. २००४ चं दार कोणा जुन्या बँकवाल्याने वशिला लावून बंद केलेलं नाही, हात पोळल्यावर बंद झालं.

त्या काळात बँक कशी निघायची ते सांगतो. तालुक्यात एक नेता असायचा. त्याचा साखर कारखाना, दूध संघ, शिक्षण संस्था असायची. राहिली कोण, तर बँक. शिक्षकांच्या पगारातून भाग भांडवल कापलं जायचं. सभासद म्हणजे कारखान्याचे ऊस उत्पादक. पहिलं कर्ज मेव्हण्याच्या स्टोन क्रशरला. हप्ता थकला की मार्चअखेरीला नवं-जुनं. जुनं कर्ज नव्या कर्जातून भरलेलं दाखवायचं, खातं स्वच्छ, ऑडिटला वर्ग अ. तपासणीला गेलं की डाक बंगल्यावर कोंबडी तयार. मी खाल्ली नाही असं म्हणणार नाही, पण शेरा लिहायचा तो लिहिला. त्या शेऱ्याचं पुढे काय झालं हे विचारू नका.

संचालक आणि नातेवाइकांना कर्ज देण्यावर पूर्ण बंदी यायला ऑक्टोबर २००३ उजाडावं लागलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि २००१ ला अहमदाबादच्या माधवपुरा बँकेने शेअर दलालाला पैसे देऊन काय गोंधळ घातला तो तुमच्या वयाच्या माणसाला आठवत असेल.

तपासनीस वाढवा म्हणता. पीएमसीत एका बांधकाम समूहाची कर्जं एकूण कर्जांच्या सत्तर टक्क्यांवर होती आणि ती २१ हजारांहून जास्त बनावट खात्यांमागे लपवली होती. तपासनीस तिथे दरवर्षी जातच होते.

कृष्णाकाठ

@जुना शिरस्तेदार काका, ८२३ चा आकडा मला माहीत आहे, पण तेव्हाची स्थिती आता नाही. तेव्हा दोन मालक होते. बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे आणि संचालक मंडळ, निवडणूक, अवसायन (बँक गुंडाळणं) राज्याच्या सहकार निबंधकाकडे. रिझर्व्ह बँकेने बोट दाखवायचं आणि निबंधकाने, म्हणजे शेवटी मंत्र्याने, फाइल दाबून ठेवायची. २०२० च्या दुरुस्तीने बँकिंग नियमन कायद्याचे दात सहकारी बँकांनाही लागू झाले. आता रिझर्व्ह बँक संचालक मंडळ बाजूला करू शकते, व्यवहार न थांबवता विलीनीकरणाची योजना आणू शकते. आकारमानानुसार बँकांचे चार स्तर केलेत, भांडवलाच्या अटी वेगळ्या केल्यात. १९९३ च्या नियमांनी दिलेले परवाने बुडाले म्हणून २०२५ च्या नियमांनीही देऊ नका, हे मला पटत नाही.

आणि तुमच्या नेत्याचं सांगू का? तो अजून आहे. त्याने आता मल्टिस्टेट काढली आहे. तिथे जायला तर तपासनीसही नाही.

वरोऱ्याची लेक

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. बँकेचं राहू द्या, आमच्याकडच्या बायांच्या बँकेत तसंही काही नसते.

तुम्ही लोक दारूबंदीबद्दल बोलता तेव्हा असं बोलता जसं वरतून कोणी तरी लादली. आमच्याकडे ती बायांनी मागून घेतली. चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत बाया पायी चालत गेल्या होत्या, डिसेंबरच्या थंडीत. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने एका बैठकीत उठवली. कारण काय सांगितलं? अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला. अवैध दारू पकडायचं काम कोणाचं होतं? ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही आणि मग त्याचंच कारण पुढे करून बंदी काढून टाकली. पोरगा नापास झाला म्हणून शाळाच पाडून टाकली.

बंदीत दारू मिळत नव्हती असं मी म्हणत नाही. मिळत होती. यवतमाळकडून यायची, नागपूरकडून यायची, दुधाच्या कॅनमध्ये यायची. पण नव्वदची बाटली दोनशेला मिळायची. रोज तीनशे कमावणारा माणूस दोनशेची रोज पिऊ शकत नाही. आठवड्यातून दोनदा प्यायचा. बाकी पाच दिवस घर शांत राहायचं. हे कोणत्या समितीने मोजलं?

आणि दुकान किती लांब आहे याने फरक पडतो. दुकान चार किलोमीटरवर असलं तर जाऊन यायला वेळ लागतो. तेवढ्यात लेकरं जेवून झोपून जातात, बाई पगाराचे पैसे डब्यात टाकून डबा शेजारी ठेवून येते. दुकान कोपऱ्यावर आलं की हे काहीच करता येत नाही. तुमच्या शहरात दुसरं दुकान म्हणजे थंड बिअर आणि सुट्टे पैसे. आमच्या वस्तीत दुसरं दुकान म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

तिरपागडे

ताई, तुमच्या भावना समजतात, पण तुमचंच गणित पुढे नेतो. नव्वदची दोनशेला झाली की सगळेच कमी पीत नाहीत, काही जण तीसवाली शोधतात. ती कशाची असते? इथेनॉल म्हणजे पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल, त्यावर कर आहे आणि ते मोजून मिळतं, म्हणून भट्टीवाला कारखान्यातलं मिथेनॉल चोरून आणतो. दिसायला तसंच, चढतं तसंच, पण शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. आधी डोळे जातात, मग माणूस. बिहारमध्ये २०१६ पासून पूर्ण बंदी आहे, डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात किती प्रेतं उचलली ते आठवा. गुजरातमध्ये तर राज्य झाल्यापासून बंदी. जुलै २०२२ मध्ये बोटादला तेच झालं.

म्हणून मी कृष्णाकाठच्या बाजूने, पण एक पाऊल पुढे. परवाने वाढवून उपयोग नाही, शुल्क खाली आणा. जून २०२५ च्या निर्णयात १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ठरवली: देशी ८० रुपये, नवी "महाराष्ट्र मेड" १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५. एकदम एवढी उडी मारली की खालचा माणूस आणखी खाली घसरतो.

वरोऱ्याची लेक

@तिरपागडे भावना नाही दादा, हिशेब सांगितला मी. बंदीच्या सहा वर्षांत आमच्या जिल्ह्यात मालवणीसारखं झालं नाही. आणि मालवणी कुठे आहे? मुंबईत. तिथे बंदी होती का? गल्लीगल्लीत बार असताना माणसं विषारी दारू पिऊन मेली. मग परवाना असला की हातभट्टी बंद होते हे तुम्ही कशावरून म्हणता?

बांद्याचो झील

माका एक सांगूचा आसा. आमच्या बांद्याच्या पलीकडे गोवा. तिथे किराणा दुकानात तांदूळ, नारळ आणि व्हिस्की एकाच फळीवर. दुकानांचे परवाने सहज मिळतात, पोर्तुगीज काळापासून गावागावात टॅव्हर्न आहेत. लोक पितात, दुपारचे झोपतात, संध्याकाळी भजनाला जातात. मारामारी करतत ते आमचे इकडसून गेलेले पर्यटक, हे गोंयकार तुम्हाला हसत सांगतील. तेव्हा दुकान दिसलं की माणूस बिघडतो हे मला पटत नाही.

पण कृष्णाकाठ, तुमचं पण पटत नाही. तुम्ही ३२८ द्या नाहीतर ३,२८० द्या, गोव्यात जी बाटली पाचशेला मिळते ती इकडे दुप्पट असेल तर इन्सुलीच्या नाक्यावरून टेम्पो येतच राहणार. वर आंबे, खाली खोके. सगळा खेळ कराच्या फरकाचा आहे.

निफाडचा द्राक्षवाला

परवान्यांची गोष्ट निघालीय तर जानेवारी २०२२ विसरू नका. १०० चौरस मीटरच्या वरच्या सुपरमार्केटात कुलूपबंद कपाटात वाईन ठेवायची परवानगी मंत्रिमंडळाने दिली होती. नवाब मलिक म्हणाले शेतकऱ्यांसाठी. संजय राऊत म्हणाले वाईन म्हणजे दारू नव्हे. फडणवीस म्हणाले महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने हरकती मागवल्या, मग सरकारच गेलं आणि कपाटं रिकामी राहिली.

त्या सगळ्या भांडणात आम्हा द्राक्षवाल्यांना कोणी विचारलं नाही. नाशिकच्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षाच्या आहेत. थॉम्पसन, सोनाका, आता नवीन वाण. वाईनची द्राक्षं वेगळी, त्यांचा करार वायनरीशी आधीच झालेला असतो, आणि ती बाग एकूण बागांत चिमूटभर. फेब्रुवारीत गारपीट झाली की पडेल भावाने बेदाण्याला देणारा शेतकरी आणि सुपरमार्केटातली वाईन यांचा संबंध मला अजून कोणी समजावून सांगितलेला नाही. सवलत कोणालाही द्या, नाव आमचं घेऊ नका.

पाचलाखी

मी बँकेबद्दल बोलते. डोंबिवलीत राहते. माझ्या आईचे निवृत्तीचे पैसे एका नागरी बँकेत होते, नाव सांगत नाही, प्रकरण अजून सुरू आहे. व्याज अर्धा टक्का जास्त, शाखा घराखाली, मॅनेजर आडनावाने ओळखतो, म्हणून तिथे ठेवले. एका संध्याकाळी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई शटरसमोर उभी होती.

विम्याची रक्कम फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखाची पाच लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ती मिळायची सोय झाली. हे चांगलं झालं. रुपीच्या ठेवीदारांनी २०१३ पासून २०२२ पर्यंत वाट पाहिली होती. पण पाच लाख म्हणजे मुद्दल अधिक व्याज, एका बँकेतल्या सगळ्या शाखांचं मिळून. दोन शाखांत वेगवेगळं ठेवलं म्हणून दहा मिळत नाहीत, हे आईला तेव्हा कळलं. आमच्या सोसायटीने इमारतीच्या दुरुस्तीचा निधी तिथेच ठेवला होता. सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार, चाळीस घरं मिळून पाचच लाख. आता लिफ्ट बंद आहे आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा खाली उतरत नाहीत.

कृष्णाकाठ, स्पर्धा आली की ग्राहकाचं भलं होतं हे साबणाला लागू आहे. साबण वाईट निघाला तर पुढच्या वेळी दुसरा घेते. बँक वाईट आहे हे मला कधी कळतं? ती बंद झाल्यावर. ताळेबंदात सगळं स्वच्छ दिसत होतं, वार्षिक सभेत दहा टक्के लाभांश आणि स्टीलचा डबा मिळत होता. जिथे ग्राहकाला माल पारखताच येत नाही तिथे दुकानं वाढवून काय होणार?

जुना शिरस्तेदार

पाचलाखी ताई, शेवटचा परिच्छेद लाखमोलाचा. न्यू इंडियात तर कर्जाचीही भानगड लांब राहिली. तिजोरीतली १२२ कोटींची रोकड वहीत होती आणि तिजोरीत नव्हती. नोटा मोजायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही.

एक उपयोगाची गोष्ट. एकट्याचं खातं आणि जोडीदारासोबतचं संयुक्त खातं यांचा विमा वेगळा धरतात. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तरी वेगळा धरतात. आईंना पुढच्या वेळी सांगा.

टोरांटोतला एक

लांबून एक नोंद. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात दारूविक्री जवळपास पूर्ण सरकारी दुकानांच्या आणि ठरावीक बिअर दुकानांच्या हातात होती. सप्टेंबर २०२४ पासून कोपऱ्यावरच्या साध्या दुकानात बिअर, वाईन मिळायला लागली. व्हिस्की अजूनही सरकारी दुकानातच. बँकांच्या बाबतीत मात्र इथे नियम कडक, मोजक्याच मोठ्या बँका, सगळे त्यांच्या फीच्या नावाने बोटं मोडतात. आणि २००८ साली शेजारच्या अमेरिकेत बँका कोसळत होत्या तेव्हा इथली एकही मोठी बँक बुडाली नाही. त्यामुळे दोन्हीला एकच न्याय लावायचा कृष्णाकाठचा हट्ट मला कळत नाही. एक सैल आणि एक घट्ट, असंही चालतं.

कृष्णाकाठ

@टोरांटोतला एक: चालतं, फक्त त्यासाठी नियम पाळून घेणारी यंत्रणा लागते. ती आपल्याकडे नाही म्हणूनच दार बंद करून झोपायची सवय लागली. @पाचलाखी: तुमच्या आईच्या बाबतीत जे झालं ते वाईट झालं, पण ती बँक जुनीच होती ना? नवे परवाने बंद ठेवून तिचं रक्षण झालं नाही. उलट त्या भागात दुसरी चांगली सहकारी बँक निघू शकली असती तर मॅनेजर आडनावाने ओळखतो एवढ्यावर ठेव ठेवावी लागली नसती.

मनोऱ्यावरून

बराच वेळ वाचतोय. तुम्ही सगळे सैल करावं की घट्ट यावर भांडताय. मला एवढंच विचारायचंय, सैल कोणासाठी?

नोव्हेंबर २०२१. आयात केलेल्या स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. अर्धं. कारण सांगितलं, तस्करी थांबेल. जून २०२५. देशी दारूचं शुल्क प्रूफ लिटरला (मद्यार्काचं सरकारी माप) १८० रुपयांवरून २०५ केलं. तस्करी काय फक्त स्कॉचची होते?

डिसेंबर २०२३. गुजरातने गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत दारू प्यायला परवानगी दिली. बाकी गुजरातमध्ये बंदी तशीच. तिथे काय आहे? आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र, परदेशी बँकांच्या शाखा, त्यांच्यासाठी स्वतंत्र नियामक, करात सवलती. म्हणजे एकाच आवारात बँकिंगचे नियमही सैल आणि दारूचेही सैल, आणि कुंपणाबाहेर बोटादचा मजूर. (हे केंद्र मुंबईत व्हावं म्हणून २००७ मध्ये केंद्राच्याच समितीने अहवाल दिला होता, तो विषय काढला तर रात्र जाईल.)

आता तुमचे ३२८ परवाने. धाग्यात तुम्ही आकडा दिलात, ते कोणाला मिळणार होते ते लिहिलं नाहीत. मद्य बनवणाऱ्या ४१ कंपन्या, प्रत्येकी आठ. बेरोजगार पदवीधराला नाही, बचतगटाला नाही. जो बनवतो तोच विकणार. सतराशे घराण्यांची मक्तेदारी मोडून ४१ कंपन्यांची आणायची याला तुम्ही दार उघडणं म्हणता? २०२१ मध्ये दिल्लीने सरकारी दुकानं बंद करून सगळी विक्री खासगी हातात दिली, वर्षभरात धोरण मागे घ्यावं लागलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

बँकांतही तेच. २०२५ मध्ये मोठा गाजावाजा करून कायदा बदलला, त्यात सहकारी बँकेच्या संचालकाची सलग मुदत आठ वर्षांवरून दहा केली. ठेवीदाराने मागितलं होतं का ते?

अर्धा ग्लास

स्कॉच आणि देशीचा मुद्दा जोरदार. मी ग्लास खाली ठेवला. (संपला होता.)

कृष्णाकाठ

@मनोऱ्यावरून कंपन्यांना द्या असं मी कुठे म्हटलं? तो प्रस्ताव तसाच आला असता तर मीही विरोधच केला असता. बनवणारा आणि विकणारा वेगळा हवा, एका कुटुंबाला एकच परवाना, वाटप जाहीर सोडतीने, आणि पाच वर्षांनी परवाना परत सरकारजमा. हस्तांतरण नाही, वारसा नाही, जुन्यांनाही हाच नियम. असा मसुदा आणा, मग सतराशे घराण्यांतून किती जण दारूबंदीचे समर्थक होतात ते बघू!

वाईट पद्धतीने उघडायला निघाले होते म्हणून बंदच बरं, हे जुन्या परवानाधारकाला हवं तेच बोलणं झालं.

तिरपागडे

सोडतीत नाव लागलं की दुसऱ्या दिवशी तोच जुना शेठ "भागीदार" म्हणून गल्ल्यावर बसणार. आमच्या तालुक्यात राखीव जागेवरच्या सरपंचाचं जे होतं तेच. शिवाय २०२५ च्याच धोरणात असे परवाने जादा फी भरून दुसऱ्याला चालवायला द्यायची मुभा आहे.

वरोऱ्याची लेक

सोडत काढा, लिलाव करा, तुमचं तुम्ही बघा. दुकान कोणाच्या नावावर निघते याने आमच्या घरात फरक पडत नाही. ते कुठे निघते याने पडतो.

मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सांगितलं गेलं की सोसायटीच्या गाळ्यात दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. छान झालं. सोसायटी कोणाकडे असते? फ्लॅटवाल्यांकडे. आमच्या वस्तीला सोसायटी नाही, मग आमची हरकत कोण विचारेल? आमच्यासाठी आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करायचं बायांचं मतदान. आधी दुकान येऊ द्यायचं, मग गावातल्या पंचवीस टक्के बायांच्या सह्या गोळा करायच्या, एक्साईजवाले येऊन सह्या तपासणार, अर्ध्या बायांना त्या आधीच नवऱ्याने दम दिलेला असतो. मग मतदान.

कृष्णाकाठ

ताई, हा मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या म्हणण्यात बसतोही. मतदान दुकान आल्यावर कशाला, परवाना द्यायच्या आधी घ्या. फ्लॅटवाल्यांना जे ना हरकत, तेच वस्तीतल्या बायांना. नाही म्हणाल्या तर परवाना नाही. मग तर खुल्या परवान्यांना हरकत नाही ना?

वरोऱ्याची लेक

हरकत आहेच. पण ठीक, आधी मतदान घ्या, मग बोलू. फक्त एक करा. गावात बाटली आडवी करायला यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्या मतांच्या नाही. यादीत मेलेल्या असतात, लग्न होऊन गेलेल्या असतात, वीटभट्टीवर कामाला गेलेल्या असतात. त्या सगळ्या मतदानाला येत नाहीत, म्हणजे दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. तुमच्या मसुद्यात ते उलटं लिहा. परवाना मागणाऱ्याने निम्म्याहून जास्त बायांचा होकार आणून दाखवायचा. न आलेली बाई म्हणजे नकार.

अर्धा ग्लास

मग एकही दुकान निघणार नाही की हो.

वरोऱ्याची लेक

हो.